हल्दीरामच्या टेबलावर आजोबांचे ताट

अमेरिकेतील कित्येक शहरांत एकाच कुटुंबाने पिढ्यान्‌पिढ्या चालविलेली हॉटडॉगची उपाहारगृहे आहेत. लांबट पाव, त्यात सॉसेज आणि वर मोहरीची चटणी एवढाच तो पदार्थ. पण आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारे तेथे एका टेबलाभोवती बसतात. विदर्भात असा जिव्हाळा ज्या नावाला लाभला, ते नाव म्हणजे हल्दीराम.

राजस्थानातील बिकानेर येथे गंगाबिशन अग्रवाल मटकीच्या पिठाची बारीक शेव विकत असत. ‘हल्दीराम’ हे त्यांचे घरातले लाडाचे नाव. १९३७ मध्ये तेथे सुरू झालेला व्यवसाय त्यांचे नातू शिवकिसन अग्रवाल यांनी १९७०च्या सुमारास नागपुरात रुजविला. पुढे नमकीन आणि संत्रा बर्फीबरोबर नागपुरात त्यांची उपाहारगृहेही उभी राहिली. नागपूरच्या ज्या रस्त्यावर या कुटुंबाचे कारखाने आहेत, त्याचे नावच भंडारा रोड! भंडारा, लाखनी, साकोलीहून कोणी दवाखान्यासाठी, कोणी लग्नाच्या खरेदीसाठी नागपूरला निघाले की परतताना ‘हल्दीराममध्ये काही खाऊन जाऊ’ हे वाक्य ठरलेलेच.

प्रश्न उभा राहतो तो घरातील ज्येष्ठांचा. ‘तुम्हाला हे चालायचे नाही’ असे म्हणून आजोबांपुढे पाण्याची बाटली ठेवली जाते आणि बाकीचे राजकचोरी खातात. काही घरी याच्या उलट, ‘एक दिवस काय होते’ म्हणत ताट भरले जाते. दोन्ही टोके टाळावयास हवीत. वार्धक्यात भूक मंदावते. एकट्याने जेवताना ती आणखी कमी होते. चारचौघांत बसून घेतलेले चार घास पोटाइतकेच मनालाही बळ देतात. म्हणून ज्येष्ठांना टेबलापासून दूर न ठेवता त्यांचे ताट विचारपूर्वक निवडावे.

घास मऊ, बैठक ताठ

हॉटडॉगविषयी अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ एक इशारा देतात. त्याचा गोल, गुळगुळीत तुकडा लहान मुलाच्या श्वासनलिकेत नेमका अडकतो. म्हणून तो उभा चिरून बारीक करून द्यावा. कवळी लावणाऱ्या, पक्षाघात किंवा कंपवात झालेल्या ज्येष्ठांनाही हेच तत्त्व लागू पडते. कोरडी खस्ता कचोरी, सुकी शेव, चिकट मिठाई यांचा घास त्यांना अवघड जातो. त्यापेक्षा सांबारात भिजविलेली इडली किंवा दह्यात मुरलेला वडा बरा. पाणी पितानाही ठसका लागत असेल, तर काय द्यावे हे डॉक्टरांनाच विचारावे.

अनेक ठिकाणी टोकन घेऊन पदार्थ आपणच आणावे लागतात. ते काम तरुणांनी करावे. ज्येष्ठांना पाठीला आधार असलेल्या खुर्चीवर ताठ बसवावे. घास लहान असावा, तोंडात घास असताना बोलण्यास भाग पाडू नये आणि खाल्ल्यावर अर्धा तास तरी आडवे होऊ देऊ नये. गाडीत बसताच आसन मागे झुकविण्याची घाई नको.

घास अडकून बोलता, खोकता वा श्वास घेता येईनासा झाला, तर १०८ क्रमांकावर मदत मागविण्यास कोणाला तरी सांगावे. व्यक्तीला पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच जोरदार थापा द्याव्यात. उपयोग न झाल्यास मागून मिठी घालून, बेंबीच्या थोडे वर मूठ ठेवून आत व वरच्या दिशेने पाच झटके द्यावेत. घास निघेपर्यंत हे आलटून पालटून करावे. शुद्ध हरपल्यास मात्र आडवे निजवून छातीवर दाब देण्यास आरंभ करावा.

मीठ मोजावे, साखर ओळखावी

जिभेची आणि नाकाची संवेदना वयाबरोबर बोथट होते. त्यामुळे खारट पदार्थही अळणी वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा एक सपाट चमचाही पूर्ण भरणार नाही इतके, मीठ खावे. घरी नेलेल्या नमकीनच्या पाकिटावर सोडियमचा आकडा असतो. त्याला अडीचने गुणले की मीठ कळते. समजा, १०० ग्रॅममध्ये ८०० मिलिग्रॅम सोडियम लिहिले आहे. तर त्यात २ ग्रॅम मीठ झाले. पाकीट हातात देण्याऐवजी लहान वाटीत दोन चमचे काढून द्यावे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी ‘कमी सोडियमचे मीठ’ डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. त्यात पोटॅशियम असते.

मधुमेही व्यक्ती रक्ततपासणीसाठी उपाशीपोटी निघाली असेल, तर बाहेरच्या जेवणाची वाट पाहत तिला ताटकळत ठेवणे धोक्याचे. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे वागणे ही साखर उतरल्याची चिन्हे होत. व्यक्ती शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून त्वरित द्यावी. एरवी मात्र संत्रा बर्फीचा एक तुकडा चौघांत वाटावा.

वाटून खाल्ल्याने पथ्य सांभाळले जाते आणि आजोबाही पंगतीत राहतात.