चौदा दिवसांची ग्रंथी

शरीरातल्या बहुतेक ग्रंथी आयुष्यभर साथ देतात. पीतपिंडाचं तसं नाही. अंडं बाहेर पडलं की फुटलेल्या पुटिकेच्या पेशींतूनच तो उभा राहतो, आणि गर्भ राहिला नाही तर साधारण चौदा दिवसांत मोडीत निघतो. बाईच्या अंडाशयातला पीतपिंड जेमतेम दोन सेंटिमीटरचा. पण भरात असताना दिवसाला 25 ते 40 मिलिग्रॅम प्रोजेस्टेरॉन रक्तात सोडतो. पुढे त्याच्या जागी श्वेतपिंड नावाचा पांढरा वण तेवढा राहतो.

मग एवढा ऐवज जातो कुठे? पेशीतल्या लयकारिका (लायसोसोम) नावाच्या पिशव्यांमधली विकरं तो पचवतात. या लयकारिका सापडल्या अपघातानंच. बेल्जियममध्ये क्रिस्तियाँ द दूव उंदराच्या यकृतावर इन्सुलिनसंबंधी काम करत होते. 1949च्या डिसेंबरात अॅसिड फॉस्फटेज या विकराची क्रिया अपेक्षेच्या दहाव्या हिश्शाइतकीच भरली. तेच नमुने पाच दिवस फ्रिजमध्ये राहिले, आणि पुन्हा मोजल्यावर आकडा चढलेला! विकर पातळ पडद्याआड कोंडलेलं होतं. पडदा झिजला, तसं ते बाहेर आलं. 1955मध्ये या पिशव्यांना नाव मिळालं, 1974मध्ये द दूव यांना नोबेल.

‘आत्मघाती पिशव्या’ ही लयकारिकांची जुनी ओळख. पिशवी फुटते, पेशी स्वतःलाच खाते, असं ते चित्र. मला ते अर्धवट वाटतं. लयकारिकेच्या आत आम्लता 4.5 ते 5 पीएच असते, बाहेरच्या पेशीद्रवात सुमारे 7.2. आम्लात तरबेज असलेली ही विकरं बाहेर सांडली की बरीचशी लुळी पडतात.

खरा क्रम गोठ्यात दिसतो. गाय माजावर यावी म्हणून पशुवैद्यक देतात ते इंजेक्शन प्रोस्टाग्लँडिन एफ-2-अल्फाचं. पीतपिंड कोवळा, पहिल्या पाचेक दिवसांतला असेल, तर ते लागू पडत नाही. तयार पिंडावर मात्र दिवसभरात प्रोजेस्टेरॉन कोसळतं. पेशी अजून जागेवरच असतात, काम तेवढं थांबलेलं असतं. त्यानंतर कॅस्पेज नावाची वेगळी विकरं पेशींचा नियोजित मृत्यू घडवतात, भक्षकपेशी येतात आणि मेलेल्या पेशी गिळतात. कॅथेप्सिनसारखी लयकारिकांची विकरं तिथे प्रथिनांचे तुकडे पाडतात. (गाय गाभण असेल तर याच इंजेक्शनानं गर्भ पडतो. शिवाय ते त्वचेतून शिरतं, म्हणून गरोदर बाईनं आणि दमेकऱ्यानं त्याला हात लावू नये.)

गंमत म्हणजे, प्रोजेस्टेरॉन बनवण्यातही लयकारिकांचा हात असतो. बाईचा पीतपिंड कच्चा माल म्हणून रक्तातलं एलडीएल आत घेतो. त्यातलं कोलेस्टेरॉल सुटं करतं लयकारिकांमधलंच लायपेज. पिंड कमावता असताना रसद पुरवणारं आणि मोडताना आवरासावर करणारं खातं एकच.

मोडण्याचा हुकूम मात्र सगळ्या प्राण्यांत एकाच जागेवरून सुटत नाही. लिओ लोब यांनी 1923मध्ये गिनिपिगचं गर्भाशय काढलं, तर पीतपिंड मोडायचाच राहिला. गाय-मेंढीतही तेच, कारण तिथे प्रोस्टाग्लँडिन गर्भाशयातून येतं. बाईचं तसं नाही. गर्भाशय काढलं आणि अंडाशयं शाबूत ठेवली, तर पाळी थांबते. पण पाळी जाण्याचं वय येईपर्यंत पीतपिंड बनत राहतो आणि ठरल्या वेळी मोडतही राहतो.