चिमटा सरळ करण्याआधी

सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस, म्हणजे ब्रेक दाबताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीची करण्याचा मसुदा केंद्राने २०२५च्या जूनमध्ये काढला. त्यात १ जानेवारी २०२६ ही तारीख होती. मसुदा आल्यापासून गाजला तो गाडीच्या वाढणाऱ्या किमतीचा मुद्दा. कांद्याच्या हंगामात बागलाण तालुक्यातल्या नामपूरच्या बाजार समितीसमोर तासभर उभं राहिलं, की या बातमीतली मेख दिसते. तिथे येणाऱ्या गाड्या बहुतेक शंभर-सव्वाशे सीसीच्या, त्यातल्या कितीतरी दुसऱ्या-तिसऱ्या हाताच्या. नियम नव्या गाडीला आणि अपघात जुन्या गाडीला, असा हा मामला आहे. या जुन्या गाड्यांच्या सुरक्षेचं जे काही व्हायचं ते रस्त्याकडेच्या गॅरेजात होतं.

आणि तिथे घाई असते. गाडी टेम्पोत घालून आणतात आणि पहिला प्रश्न येतो, ‘कधी देता?’ दूध घालायचं असतं, मळ्यात जायचं असतं, पोरीला कॉलेजला सोडायचं असतं. मिस्त्री बिचारा पुढच्या चाकाचा चिमटा सरळ करतो, टाकीचा पोचा काढतो, रंगाचा हात मारतो. गाडी चालू होते. ती पडली कशी, हे सांगणारा एकमेव निष्पक्ष साक्षीदार, म्हणजे गाडीची मोडतोड, मात्र तेवढ्यात गप्प झालेला असतो. चालवणाऱ्याची साक्ष धरू नये. त्याला दोष कायम समोरच्याचाच दिसतो.

इथे हॅरी हर्ट या माणसाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण दुचाकीवर बसणाऱ्या प्रत्येकावर त्याचे उपकार आहेत. हर्ट मूळचा विमानशास्त्राचा माणूस. अमेरिकी नौदलाच्या वैमानिकांसाठी त्याने लिहिलेलं वायुगतिकीचं पुस्तक अजून वाचलं जातं. विमान पडलं की तुकडा न् तुकडा गोळा करतात, मांडतात आणि मग बोलतात. हर्टने तीच शिस्त मोटरसायकलला लावली. लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० अपघातांच्या जागी त्याची माणसं स्वतः गेली; शिवाय पोलिसांच्या ३,६०० नोंदी तपासल्या. १९८१ साली अहवाल आला.

दुसरं वाहन गुंतलेल्या अपघातांपैकी सुमारे दोन तृतीयांशांत त्या वाहनाने दुचाकीचा हक्काचा रस्ता अडवला होता. चालवणाऱ्याच्या हातात असलेला वेळ दोन सेकंदांहूनही कमी. साठच्या वेगाने दोन सेकंदांत गाडी तेहेतीस मीटर जाते. त्या वेळात लोकांनी काय केलं? मागचा ब्रेक करकचून दाबला, चाक लॉक करून गाडी घसरवली आणि पुढचा ब्रेक पुरेसा वापरलाच नाही. यातल्या ९२ टक्के लोकांना गाडी शिकवली होती घरच्यांनी, मित्रांनी किंवा कोणीच नाही. वाचताना कॅलिफोर्निया कुठे संपला आणि बागलाण कुठे सुरू झालं, कळत नाही. ‘पुढचा दाबू नको, पलटी खाशील’ हा आपल्याकडचा पहिला धडा. थांबवण्याची बहुतेक ताकद पुढच्या चाकात असते, कारण ब्रेक लावताच वजन पुढे येतं. तो ब्रेक झटक्याने न दाबता वाढत्या जोराने दाबायचा, एवढंच शिकायचं असतं.

हर्टची पद्धत नामपुरात वापरायला विद्यापीठ लागत नाही. शॉकअपचे पाइप मागे वाकलेत, पुढची रिम चेपलीय, चिमटा धरणारी टी वाकलीय, तर गाडी समोरच्या कशावर तरी सरळ आदळली आहे. पुढचं सगळं शाबूत, पण एका बाजूचा लिव्हर, हँडलचं टोक आणि फुटरेस्ट खरवडलेत, तर गाडी घसरली आहे. मागच्या टायरला एकाच जागी घासलेला चट्टा असेल, तर चाक लॉक झालं होतं. काही खोलण्याआधी हे सगळं पाहावं आणि मोबाइलवर चार फोटो काढावेत.

मग बांधणी. आपल्याकडे रंग आधी ठरतो, हे मला कधीच पटलं नाही. लेथवाल्याने सरळ केलेला पाइप डोळ्याला सरळ दिसतो. सपाट काचेवर फिरवून पाहा, डुगडुगला तर नवा घ्या. आऱ्यांची रिम ओढून सरळ होते, पण अलॉय ठोकून सरळ करू देऊ नका, तडा आत राहतो. हँडलच्या मुळाशी, जिथे चासीचे जोड असतात, तिथला रंग तडकला असेल तर चासीच वाकल्याचा संशय घ्या. दोन्ही चाकांना सुतळी लावून रेघ जुळते का बघा. हँडलचं बेअरिंग, म्हणजे कोनसेट, बदला. २०१९पासूनच्या सव्वाशेपर्यंतच्या गाड्यांना सीबीएस आहे, म्हणजे मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. चाक बसवल्यावर तो जोड पुन्हा जुळवून घ्यावा लागतो, नाहीतर सोय नावापुरती उरते. हेडलाइटचा झोत आभाळाकडे गेलेला नको. आणि आपटलेलं हेल्मेट टाकून द्या. आतलं थर्माकोल एकदाच दबतं. दुसऱ्यांदा तुमचं डोकं दबेल. २०२२ साली देशात हेल्मेट नसलेले ५०,०२९ जण दगावले.

पैशाचं थोडक्यात. २०१८च्या सप्टेंबरपासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा विमा मिळतो, म्हणून लोक निर्धास्त असतात. तो थर्ड पार्टीचा. स्वतःच्या गाडीचं नुकसान भरून देणारा भाग सहसा वर्षभरात संपतो आणि चिमट्याचा खर्च खिशातून जातो. जखमीच्या उपचारासाठी मात्र २०२५च्या मे महिन्यात लागू झालेली कॅशलेस योजना आहे. तिच्यात नियुक्त रुग्णालयात सात दिवस, दीड लाखापर्यंतची तरतूद आहे.

आता माझा हेका. अपघातांच्या सरकारी नोंदीसाठी आयरॅड हे अ‍ॅप आलं, महाराष्ट्र त्यातल्या पहिल्या सहा राज्यांत होता. पण ते पोलिसांपर्यंत गेलेल्या अपघातांचं. जागेवरच मिटलेला, ‘जाऊ द्या, लागलं तर नाही ना’ म्हणून सोडून दिलेला अपघात त्यात येत नाही. तो थेट गॅरेजात येतो. म्हणून प्रत्येक गॅरेजवाल्याने एक वही ठेवावी. गाडी कुठे पडली, किती वाजता, काय तुटलं आणि समोर काय होतं, एवढंच लिहावं; नाव-गाव नको. मालेगाव, सटाणा किंवा ताहाराबादच्या रस्त्यावरची एकच जागा वहीत पुन्हा पुन्हा आली, तर बांधकाम खात्याकडे न्यायला कागद तयार. अंधारात उभ्या ट्रॉलीवर आदळलेले चिमटे जास्त निघाले, तर बाजार समितीने परावर्तक पट्टी नसलेली ट्रॉली आवारातून बाहेर सोडू नये. ती पट्टी नियमाने बंधनकारक आहेच. तिच्यासाठी कुठल्या मसुद्याची वाट बघायची गरज नाही.