सावडीला बैल लागायचा, टाइम बँकेला एक तास पुरे

गौतमपुरा म्हटलं की हिंगोट युद्ध. इंदूर जिल्ह्यातल्या देपालपूर तहसिलीतलं हे गाव लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याला हमखास बातम्यांत येतं. गौतमपुऱ्याचा 'तुर्रा' आणि शेजारच्या रुणजीचा 'कलगी', ही दोन्ही नावं ऐकून मराठी माणसाला आपला कलगी-तुरा आठवतो. गावाचं नावही होळकर घराण्यातल्या गौतमाबाईंशी जोडलं जातं. पण या लढाईमागे एक हुन्नर आहे. हिंगोटाचं फळ पोखरायचं, वाळवायचं, त्यात दारू भरायची, बांबूची काडी बांधायची; हे कसब गावात एकाकडून दुसऱ्याकडे जातं.

असं काही ना काही येणारी माणसं प्रत्येक गल्लीत असतात. कुणाला शिवण येतं, कुणाला वायरिंग, कुणाला सरकारी अर्ज भरता येतात. हे कसब शेजाऱ्याच्या रोजच्या अडचणीत कामी यावं, यासाठीची व्यवस्था म्हणजे टाइम बँक.

नेमकं चालतं कसं?

इथे पैशाऐवजी तास जमा होतात. समजा, एका आजींना परगावच्या मुलाला व्हिडिओ कॉल करायला शिकायचंय. गल्लीतला कॉलेजचा मुलगा एक तास बसून शिकवतो. त्याच्या खात्यात एक तास जमा, आजींच्या नावे एक तास खर्च. आजी शेजारणीचं शिवणकाम करून तो तास भरून काढतात. ती शेजारीण दुसऱ्या कुणाच्या मुलीचं गणित घेते. फिरत फिरत तास पुन्हा त्या मुलापर्यंत येतो.

यातले दोन नियम महत्त्वाचे. एक, सगळ्यांचा तास सारखा. वायरिंगचा तास भाजी निवडण्याच्या तासापेक्षा मोठा नाही. दोन, ज्यानं मदत केली त्यालाच परत करायची सक्ती नाही; गटातल्या कुणालाही करा.

कल्पना परदेशी, सवय आपली

जपानमध्ये तेरुको मिझुशिमा या बाईंनी 1973 मध्ये ओसाकात श्रमबँक सुरू केली, ती मुख्यतः गृहिणींसाठी. अमेरिकेत एडगर कान या कायद्याच्या प्राध्यापकांनी 1980 च्या दशकात हीच कल्पना मांडली. स्वित्झर्लंडमधल्या सेंट गालेन शहरात म्हाताऱ्यांची सेवा करून तास साठवता येतात आणि स्वतःच्या म्हातारपणी वापरता येतात. संस्था उद्या बंद पडली तर तासांचं काय, ही शंका तिथेही होतीच. म्हणून शहर प्रशासनानं त्यांची हमी घेतली.

मध्य प्रदेशानं 2016 मध्ये आनंद विभाग काढला आणि 2019 मध्ये राज्याच्या अध्यात्म विभागानं टाइम बँक उभारण्याचं पाऊल उचललं. पण परिपत्रकानं गट तयार होतो, विश्वास तयार होत नाही. तो आधीपासून असावा लागतो, आणि आपल्याकडे त्याचे जुने नमुने आहेत. महाराष्ट्रात एकेक बैल असलेले शेतकरी सावड करून एकमेकांची शेतं नांगरायचे. इर्जिकीत सगळा गाव एकाच्या शेतात राबायचा आणि तो शेतकरी सगळ्यांना जेवू घालायचा. धारच्या पलीकडे झाबुआत भिल्ल समाजाचा 'हलमा' आहे. अडचणीतल्या माणसानं हाक दिली की घराघरांतून माणसं येतात. याच हाकेवर तिथल्या हाथीपावा टेकडीवर पाणी अडवण्यासाठी हजारो लोकांनी चर खोदले.

मग वहीची गरज काय?

सावडीचा हिशेब डोक्यात राहायचा, कारण माणसं पिढ्यान् पिढ्या ओळखीची होती. आज शेजारी भाडेकरू असतो, मुलं पुण्याला, सुरतेला. दुसरं म्हणजे, सावडीत शिरायला बैल लागायचा. ज्याच्याकडे बैल नाही, जमीन नाही, तो बाहेरच. टाइम बँकेत प्रत्येकाकडे तोच चोवीस तासांचा दिवस.

पण तो सगळ्यांकडे सारखाच मोकळा असतो का? 2019 च्या सरकारी वेळवापर पाहणीत घरातलं बिनपगारी काम करणाऱ्यांपैकी बायका त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवताना दिसल्या, पुरुष 97. म्हणून सेवेचं सगळं ओझं बायकांवर आणि तास मात्र घरच्या पुरुषाच्या नावावर, असं होऊ देऊ नका. खातं घराचं नको, माणसाचं हवं.

वहीचा सगळ्यात मोठा फायदा मात्र वेगळाच आहे. आपल्याकडे मदत करायला लोक तयार असतात. अडतं ते मागण्यापाशी. 'कुणाचे उपकार नकोत' म्हणून एकटी राहणारी म्हातारी माणसं दवाखान्यात सोबतीलाही कुणाला बोलावत नाहीत. खात्यात तास असला की ते मागणं उपकार राहत नाही, हक्काचं होतं.

सुरुवात करायची तर

- पंधरा-वीस घरांपासून सुरू करा. ॲपची घाई नको. एक वही आणि ती सांभाळणारी दोन माणसं पुरेत.
- प्रत्येकाकडून दोन गोष्टी लिहून घ्या: मला काय येतं आणि मला काय हवं. दुसरा रकाना रिकामा ठेवू देऊ नका.
- उधारीला मर्यादा ठेवा, उदाहरणार्थ दहा तास. सामानाचा खर्च रोखीनं वेगळा.
- मजुरीवर पोट असलेल्याला त्याचंच काम फुकट करायला लावू नका. गवंड्याकडून भिंत नको. त्याला तबला येत असेल तर तो शिकवू दे.
- एकट्या माणसाच्या घरी पहिल्यांदा जाताना दोघांनी जा.
- महिन्यातून एकदा सगळ्यांसमोर वही वाचा.

आणि नावं लिहिताना एकाच समाजाची, एकाच गल्लीची वही होत नाही ना, हे पहिल्याच बैठकीत तपासा. कोण कुणाच्या घरात जाणार, कुणाच्या हातचा चहा घेणार, हा प्रश्न तिथेच निघेल. तो टाळला, तर बैल नसलेला माणूस पुन्हा बाहेरच राहील.