घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे



"आमचे मालक पडल्या पडल्या घोरतात, झोप लय गाढ," असं वस्तीतल्या बाया कौतुकानं सांगतात. आम्हीही नर्सची नोकरी करताना शुगरच्या पेशंटला खाणंपिणं विचारलं, घोरणं कधी विचारलं नाही. ती आमची चूक.

संगीतकार बप्पी लाहिरी 15 फेब्रुवारी 2022 रोजी मुंबईत गेले. डॉक्टरांनी कारण सांगितलं स्लीप अ‍ॅप्निया. यात झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट बंद होते. दहा सेकंद, कधी त्याहून जास्त, श्वास थांबतो. मग माणूस दचकून हवा ओढतो. रात्रभर हेच चालतं. दर वेळी रक्तातला प्राणवायू घटतो, बीपी आणि साखर वाढते, इन्सुलिन नीट काम करत नाही. म्हणून गोळ्या घेऊनही शुगर उतरत नसेल, तर झोपेकडं बघा.

खुणा ओळखा: मोठं घोरणं, मधेच श्वास थांबणं, सकाळी डोकं दुखणं, दिवसा पेंग. बायांमध्ये कधी नुसता थकवा असतो.

कुशीवर झोपा, वजन उतरवा. दारूनं घसा आणखी सैल पडतो. पाचवं शील इथंही कामाला येतं. चालू गोळ्या मात्र मनानं बंद करू नका. लोह्याच्या सरकारी दवाखान्यात शुगर-बीपी तपासताना घोरणंही सांगा. श्वास थांबत असेल तर नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात कान-नाक-घसा विभागात दाखवा.

घोरणाऱ्याला हे कळत नाही, शेजारी झोपणाऱ्याला कळतं. आज रात्री जरा जागं राहून ऐका.