वाळूत राहणारी वाम

वाम हा नदीच्या तळाशी राहणारा, लांबट अंगाचा मासा आहे. मॅस्टासेम्बेलस अर्माटस हे त्याचे शास्त्रीय नाव असून लासेपेद या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने १८०० साली त्याचे वर्णन केले. वाशीम जिल्ह्यातल्या रिसोड तालुक्याच्या दक्षिण अंगाने पैनगंगा वाहते. अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावून पुढे चंद्रपूर जिल्ह्यात वर्धेला मिळणारी ही नदी उन्हाळ्यात ठिकठिकाणी आटते आणि मागे डोह उरतात. रेताड तळाचे डोह आणि दगडगोट्यांच्या सांदी ही वामीची राहण्याची जागा.

अंगकाठीमुळे वामीला कुणी पाण्यातला साप समजते, तर कुणी अहिराची बहीण. दोन्ही समज चुकीचे. अहीर हा खरा ईल. तो वाढतो नदीत, पण अंडी घालायला समुद्र गाठतो. वामीचा सगळा जन्म गोड्या पाण्यात जातो आणि वंशावळीच्या दृष्टीने ती अहिरापेक्षा मरळीला जवळची आहे. अरुंद फटीत शिरायला लांब, लवचीक अंग सोयीचे पडते. म्हणून माशांच्या परस्परांपासून दूर असलेल्या कुळांत ही ठेवण स्वतंत्रपणे आली.

जवळून पाहिले तर ओळखीच्या खुणा लगेच दिसतात. पोटाखालचे जोडपर अजिबात नसतात. पाठीवर बत्तीस ते चाळीस सुटे, आखूड काटे ओळीने असतात; त्यांना जोडणारा पडदा नसतो. काटे मागच्या बाजूला मिटतात, त्यामुळे डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला तर बोटाला फारसे काही लागत नाही; उलट फिरवला की रक्त निघते. त्यामागचा मऊ पर शेपटीच्या परात मिसळून जातो. अंगावर बारीक खवले, वर बुळबुळीत थर आणि तपकिरी रंगावर गडद नागमोडी नक्षी असते. वाम नव्वद सेंटिमीटरपर्यंत वाढू शकते, पण जाळ्यात येते ती बहुधा हातभरच. तिची धाकटी भावंडे मॅक्रोग्नॅथस या प्रजातीत मोडतात. त्यांतल्या वीतभर लांबीच्या पँकॅलसचा शेपटीचा पर वेगळा, सुटा असतो.

वामीचे सर्वांत नवलाचे अंग म्हणजे तिचे नाक. तोंडाच्या टोकाला मांसल, हलता शेंडा असतो. त्याला तीन पाकळ्या असतात; मधली निव्वळ मांसाची, तर दोन्ही बाजूंच्या पाकळ्या म्हणजे नळीसारख्या नाकपुड्या. दिवसा वाम वाळूत अंग पुरून घेते आणि तोंडाचा हा शेंडा तेवढा बाहेर ठेवते. अंधार पडला की ती बाहेर निघते आणि शेंडा तळावरून फिरवत किड्यांच्या अळ्या, गांडुळे, लहान झिंगे आणि माशांची पिल्ले हुडकते. या शोधात डोळ्यांपेक्षा वास आणि स्पर्शच कामी येतात.

तळावर अन्न शोधण्याचा हाच प्रश्न समुद्रातल्या सी रॉबिन या माशाने वेगळ्या रीतीने सोडवला आहे. त्याच्या छातीच्या प्रत्येक पराचे पुढचे तीन काटे सुटे होऊन त्यांचे पाय झाले आहेत. हार्वर्ड आणि स्टॅनफर्ड विद्यापीठांच्या संशोधकांनी २०२४ साली दाखवून दिले की, अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरील प्रायोनोटस कॅरोलिनस या जातीच्या पायांवर सूक्ष्म उंचवटे असतात आणि वाळूत गाडलेल्या भक्ष्याची चव हा मासा त्यांनीच घेतो. त्याच कुळातल्या इव्होलन्स जातीच्या पायांवर असे उंचवटे नाहीत. ती चालते, पण पुरलेले भक्ष्य उकरून काढत नाही. पाय, चव आणि उकरणे या तिन्ही गोष्टी एकत्र आल्याच पाहिजेत असे नाही, हे त्यातून कळते.

पावसाळा हा वामीच्या विणीचा काळ. नदी फुगली की वाम ओढ्या-नाल्यांतून पाणी साचलेल्या शेतांपर्यंतही पोचते. अंडी चिकट असतात आणि पाणवनस्पतींना चिकटून राहतात. पाण्यातला प्राणवायू घटला तर वाम वर येऊन हवा घेऊ शकते. आटत्या डोहात ही सवय तिच्या उपयोगी पडते.

नदीकाठच्या भोई समाजाला हा मासा चांगला परिचयाचा आहे. गळाला गांडूळ लावून, शक्यतो रात्री, तो धरतात. बुळबुळीतपणामुळे तो हातात ठरत नाही. राखेने किंवा कोरड्या फडक्याने धरावा लागतो. मांसात बारीक काटे कमी असल्याने खाणाऱ्यांत त्याला मान आहे.

जागतिक यादीत वामीची गणना धोक्यातल्या जातींत होत नाही. मात्र एखाद्या नदीपुरता हिशेब वेगळा निघू शकतो. वाळू उपसली की लपायची जागा जाते आणि वाळूतल्या अळ्याही नाहीशा होतात. वाशीम जिल्ह्यात पैनगंगेवर बॅरेजेसची मालिका आहे. अडवलेल्या संथ पाण्यात गाळ खाली बसतो आणि रेताड तळ झाकला जातो. गाळात मागूर-शिंगीसारखे मासे सुखाने राहतात. वामीला लागते ती पोकळ, पाणी झिरपणारी रेती.