आश्रय म्हणजे काय? : भयाच्या काळी करावयाच्या उपदेशाविषयी

संकटाच्या काळी भाविक धर्मगुरूकडे येतात तेव्हा त्यांच्या मुखी बहुधा एकच प्रश्न असतो : परमेश्वर आमचे रक्षण करील ना? या प्रश्नाला आपण धर्मगुरू व धर्मशिक्षक जे उत्तर देतो त्यावर पुढे कित्येकांची श्रद्धा टिकते अथवा ढळते. म्हणून परमेश्वर आश्रय आहे या पवित्र शास्त्राच्या शिकवणीचा अर्थ काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

वडोदऱ्यात राहणाऱ्या आम्हांस हा प्रश्न अपरिचित नाही. पावागडच्या डोंगरांत उगम पावणारी विश्वामित्री या नगराच्या मध्यातून वाहते. ३१ जुलै २०१९ रोजी येथे एका दिवसात सुमारे २० इंच पाऊस पडला. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस नदी २६ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्याही वर गेली. अनेक वस्त्यांत पाणी शिरले, सैन्यदलास पाचारण करावे लागले, आणि नदीतील मगरी रस्त्यांवर व अंगणांत आल्या. यातील एक गोष्ट चिंतनीय आहे. नगराला पिण्याचे पाणी मिळावे म्हणून महाराज सयाजीराव तिसरे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आजव्याचा जलाशय बांधविला. उन्हाळ्यात जो नगराचा आधार, तोच अतिवृष्टीच्या दिवसांत नगराच्या काळजीचा विषय होतो. कारण तो भरला की त्याचे पाणी विश्वामित्रीतच येते. मनुष्याने उभारलेल्या आधारांबद्दल कृतज्ञ असावे, त्यांची निगाही राखावी. परंतु अंतिम आश्रय होण्याचे सामर्थ्य त्यांच्या ठायी नाही.

मग परमेश्वर आश्रय आहे तो कोणत्या अर्थाने? याचे उत्तर ४६व्या स्तोत्रात शोधावे. शीर्षकानुसार हे स्तोत्र कोरहपुत्रांचे आहे. मोशेविरुद्ध बंड करणाऱ्या कोरहाला भूमीने दुभंगून गिळले, परंतु त्याचे पुत्र मेले नाहीत, असे गणनेच्या पुस्तकावरून कळते. ज्यांच्या पूर्वजाला भूमीने गिळले त्याच कुळाच्या नावे असलेले हे स्तोत्र, भूमी ढळली तरी आम्ही भिणार नाही, अशा आशयाने सुरू होते, हे ध्यानी घेण्याजोगे आहे. भयाचे कारण दूर झाल्यावर गायिलेले हे गीत नव्हे. त्या कुळाला भूमीचा भरवसा नव्हता, म्हणूनच त्याने परमेश्वराचा भरवसा धरला.

याच स्तोत्रात दोन प्रकारची जले आहेत. एक खवळलेला समुद्र, आणि दुसरी देवाच्या नगराला आनंद देणारी नदी. यरुशलेमेत मोठी नदी नाही. तेथे आहे तो गीहोनचा झरा. अश्शूरच्या स्वारीचे भय असता हिज्कीया राजाने खडकातून सुमारे ५३० मीटर लांबीचा बोगदा खोदून त्याचे पाणी नगराच्या आत आणले. परमेश्वरावर विश्वास ठेवणाऱ्या राजाने कुदळ बाजूला ठेवली नाही, हेही विसरू नये. त्यापूर्वी, आहाज राजाच्या काळी, यशया संदेष्ट्याने लोकांना बजावले होते की, शिलोहाचे संथ पाणी तुम्ही तुच्छ लेखले, म्हणून अश्शूरचे सैन्य महापुरासारखे येऊन गळ्यापर्यंत पोहोचेल. त्या पुराच्या वर्णनातच इम्मानुएल हे नाव उच्चारलेले आहे. गळ्यापर्यंत आलेले पाणी आणि आम्हांबरोबर असलेला देव, या दोन्ही गोष्टी संदेष्ट्याने एकाच ठिकाणी ठेवल्या. ४६व्या स्तोत्राचे पालुपदही हेच सांगते. पूर येणारच नाही असे ते म्हणत नाही. देव नगराच्या मध्यभागी आहे असे म्हणते.

येथे ९१व्या स्तोत्राचा विचार केल्यावाचून गत्यंतर नाही. २०२० व २०२१ या वर्षांत, कोरोनाच्या साथीत, ते घरोघरी म्हटले गेले. म्हणणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरी पुढे मृत्यूही आला. अशा कुटुंबास, तुमची श्रद्धा उणी पडली, असे कोणी सुचविले असेल तर ती शिकवण शास्त्राची नव्हे. शुभवर्तमानात हे स्तोत्र कोण उद्धृत करतो, ते पाहावे. मंदिराच्या शिखरावर उभे करून मोहात पाडणारा सैतान प्रभू येशूला त्यातील वचन ऐकवितो आणि खाली उडी टाकण्यास सांगतो. स्तोत्र खोटे नव्हते, लावलेला अर्थ खोटा होता. विश्वासाच्या जोरावर देवाकडून इजा न होण्याची हमी वसूल करावी, हा तो अर्थ होय. प्रभूने तो नाकारला. अशाने परमेश्वराची परीक्षा पाहिली जाते, असे त्याने उत्तर दिले.

पुढे क्रुसावर प्रभूने आश्रयाचेच एक स्तोत्र मुखी घेतले. लूकच्या शुभवर्तमानातील त्याचे अखेरचे शब्द ३१व्या स्तोत्रातील असून ते स्तोत्र परमेश्वराच्या ठायी आश्रय घेणाऱ्याचे आहे. ज्याने ते म्हटले तो क्रुसावरून खाली उतरला नाही. पित्याच्या हाती स्वतःस सोपवून त्याने प्राण सोडला, आणि तिसऱ्या दिवशी पित्याने त्यास उठविले. ख्रिस्ती आश्रयाचा अर्थ येथे पूर्णत्वास जातो. मृत्यूही ज्या हातांतून आपणांस हिसकावून घेऊ शकत नाही, ते हात म्हणजे आश्रय.

यावरून आपल्या सेवेसाठी तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, देवाने जे वचन दिलेले नाही ते आपण त्याच्या नावे देऊ नये. तुमच्या घरात पाणी येणार नाही, हे सांगण्याचा अधिकार आपणांस नाही. पाणी आले तरी तो तुम्हांला सोडणार नाही, हे सांगण्याचा आहे. दुसरी, विलापास उपासनेत स्थान द्यावे. ४४वे स्तोत्रही कोरहपुत्रांचेच असून त्यात, प्रभो, तू निजलास का, असा धीट आक्रोश आहे. ज्याला हा आक्रोश करू दिला जात नाही त्याला ४६वे स्तोत्र मनापासून गाता येत नाही. म्हणून पूर ओसरल्यावर शोकग्रस्त घरी जाताना उपदेशाची घाई न करता प्रथम ऐकून घ्यावे.

तिसरी गोष्ट कोरहपुत्रांच्या सेवेतून शिकावी. इतिहासाच्या पुस्तकांत त्यांची नोंद द्वारपाळ म्हणूनही आहे. आश्रयाचे गीत ज्यांच्या मुखी, द्वार सांभाळण्याचे कामही त्यांच्याकडेच होते. आपल्या धर्मग्रामात सखल भागात कोण राहते, एकटे वृद्ध कोण, अंथरुणास खिळलेले कोण, याची यादी पावसाळ्यापूर्वीच धर्मशिक्षकाकडे तयार असावी. मंदिराची किंवा शाळेची वरच्या मजल्यावरील खोली कोणाच्या हाती किल्ली देऊन उघडावयाची, तेही आधीच ठरलेले असावे. आणि ते द्वार ठोठावणाऱ्यास त्याचा धर्म विचारू नये. परमेश्वर आश्रय आहे हा आपला उपदेश पुराच्या रात्री त्या उघड्या द्वारावरूनच लोकांस कळेल.