गाडीला जादा लाइट लावताय? बॉनेटखाली वायर कुठून नेली, ते आधी बघा

उसाचा हंगाम सुरू झाला, की रात्रीच्या फेऱ्या वाढतात. मग पिकअप, जीपला जादा फोकस नाहीतर मोठा हॉर्न बसवून घेतला जातो. उजेड किती लांब पडतो, हे सगळे विचारतात. बॅटरीपासून तिथपर्यंत वायर कशी गेली, हे फारसे कोणी बघत नाही. आगीचा धोका मात्र तिथेच असतो.

गाडीचा सगळा पत्रा बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेला असतो. पॉझिटिव्ह वायरचे कव्हर घासून किंवा वितळून आतले तांबे पत्र्याला टेकले, की थेट शॉर्ट. बारीक वायर काही क्षणांत लाल होते. शेजारी डिझेलचा पाइप असेल तर बघायलाच नको. किल्ली काढून ठेवली तरी हे होऊ शकते, कारण थेट बॅटरीवरून घेतलेल्या वायरला किल्लीशी देणेघेणे नसते.

म्हणून फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरातच हवा. काही जण तो लाइटजवळ लावतात. मग मधल्या वायरला वालीच उरत नाही. फ्यूज मुळात लाइटसाठी नसून वायरसाठी असतो. 55 वॅटचे दोन बल्ब 12 व्होल्टवर साधारण 9 अँपिअर करंट घेतात. त्याला अडीच एमएमची तांब्याची वायर, 15 अँपिअरचा फ्यूज आणि एक रिले पुरतो. फ्यूज उडाला म्हणून 30 चा टाकणे किंवा तार गुंडाळणे म्हणजे आगीला आमंत्रण.

वायर नेताना सायलेन्सरचा मॅनिफोल्ड, टर्बो, पंखा, बेल्ट आणि स्टेअरिंगचा रॉड यांच्यापासून लांब ठेवावी. कंपनीची वायरिंग जिथून गेली आहे, तीच वाट बहुतेक वेळा बरी. डिझेल किंवा ब्रेकच्या पाइपला वायर बांधू नये. इंजिन हलते, बॉडी तेवढी हलत नाही. म्हणून दोन्हींच्या मध्ये वायर थोडी सैल सोडावी. केबिनमध्ये नेताना पत्र्याच्या भोकाला रबरी ग्रोमेट हवेच, नाहीतर पत्र्याची धार कव्हर कापते. बाकी वायरवर फ्लेक्सिबल पाइप चढवावा. नुसती चिकटपट्टी उष्णतेने सुटते.

काम सुरू करताना बॅटरीची निगेटिव्ह आधी काढावी आणि सगळ्यात शेवटी जोडावी. झाल्यावर लाइट पंधरा मिनिटे चालू ठेवून बंद करावेत आणि फ्यूजच्या होल्डरला हात लावून बघावा. तो चटका देण्याइतका तापला असेल तर जॉइंट ढिला आहे किंवा वायर बारीक पडतेय. गाडी तशीच फेरीला काढू नये.